फरक फक्त हातांचा

पडवी सरांना दुसऱ्यांची लाज वाटायची.

एसटी स्टँडवरच्या पडद्यावर गाड्यांची नावं थरथरताना दिसली की ते थांबायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "लाज वाटते." मिठाईच्या दुकानातल्या टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा भाकरीसारखा पसरलेला असला की मालकाकडून रिमोट मागून घ्यायचे, चेहरा मूळ मापात आणायचे आणि पेढे न घेताच बाहेर पडायचे. आमच्या शेजारी राहायला आले त्या पहिल्या संध्याकाळी ते साखर मागायला आमच्याकडे आले आणि दारातूनच टीव्ही बघून बाबांना म्हणाले, "तुम्ही युनियनवाले ना? मालकाने पगार कापला तर संप करता. इथे रोज माणसांची डोकी कापली जातात, ते कसं चालतं?" खरंच, आमच्या टीव्हीवरचं चित्र इतकं फुगवलेलं होतं की उभ्या माणसांची डोकी पडद्याबाहेर जायची. इतक्या वर्षांत आमच्या कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. सरांनी दोन बटणं दाबून डोकी परत आणली आणि साखर विसरून निघून गेले.

त्यांचं नाव हरिश्चंद्र म्हात्रे. कामोठ्याच्या जुन्या गावातले. आता जिथे आमची इमारत आहे तिथे त्यांच्या आईने भात लावला होता, असं ते लिफ्टमध्ये अनोळखी माणसालाही सांगायचे, आणि माणूस काही बोलायच्या आत पुढे सांगायचे की इथल्या लिफ्टमधला मजल्याचा आकडाही उशिरा बदलतो. आयुष्यभर त्यांनी एका खासगी तंत्रसंस्थेत टीव्ही दुरुस्तीचा वर्ग शिकवला होता. नम्रता त्यांच्या अंगात नव्हती. "पनवेल तालुक्यात पडदा कळणारा एकच माणूस आहे," असं म्हणून ते समोरच्याने विचारण्याची वाट बघायचे. समोरच्याने विचारलं नाही तर स्वतःच सांगायचे.

'पडवी' हे नाव मुलांनी दिलं. सर समजावायचे ते असं. पडदा चित्र एकदम दाखवत नाही. वरून खाली, रेघेखाली रेघ ओढत आणतो, आणि शेवटची रेघ झाली की पुन्हा वर जातो. जुन्या नळीच्या टीव्हीत किरणाला खालून वर परतायला वेळ लागायचा, म्हणून प्रत्येक चित्राच्या पुढेमागे थोडा रिकामा वेळ ठेवलेला असायचा. इंग्रजी पुस्तकात त्याला पोर्च म्हणतात. सर त्याला पुढची पडवी आणि मागची पडवी म्हणायचे. "घर म्हटलं की पडवी आली. चित्र घरात राहतं, पण दम पडवीत खातं." नव्या सपाट पडद्यांत किरण राहिला नाही, तरी पडव्या राहिल्या आहेत. आणि त्या लहानमोठ्या करता येतात, हे सरांना ठाऊक होतं.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी पत्रकांवर वाढले. बाबा तळोज्याच्या कारखान्यात आणि त्याहून जास्त युनियनमध्ये. घरात पलंगाखाली पत्रकं, माळ्यावर पत्रकं, पुस्तकांना घातलेली कव्हरंही पत्रकांचीच. मी वाचलेला पहिला शब्द 'जाहीर' होता. जाहीर सभा, जाहीर निषेध, जाहीर आवाहन. आजही मला लहान आवाजात लिहिता येत नाही. सर मला 'पत्रकवाली' म्हणायचे आणि माझं लिहिलेलं काही वाचलं की म्हणायचे, "छान आहे, पण आवाज जरा कमी कर, शेजारी झोपलेत."

सर गेले त्याला आता बरेच महिने झाले. त्यांच्यावर लिहायला बसले तेव्हा मला वाटलं होतं, सगळं लिहीन. आता बसल्यावर दिसतं आहे की मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचं आहे.

आमच्या सेक्टरमध्ये एका क्लासच्या आणि एका चिकनच्या दुकानाच्या खाली तळघर आहे. तिथे प्रशांतचा गेमिंग कॅफे. प्रशांत हा सरांचा जुना विद्यार्थी, बोलायला गोड, हिशेबाला पक्का. दहा मशीन, दोन रांगा. एसीखालची रांग नव्या पडद्यांची, दाराजवळची जुन्या पडद्यांची. सगळे पडदे वेगवान म्हणून घेतलेले, सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं काढू शकणारे. पण मुलं जो मारामारीचा गेम खेळायची तो सेकंदाला साठच चित्रं द्यायचा, आणि त्या गेममध्ये समोरच्याचा गुद्दा दिसल्यापासून अडवेपर्यंत मिळणारा वेळ इतका कमी की मुलं श्वास रोखून बसायची.

सरांनी तिथे पाऊल ठेवलं आणि अर्थातच त्यांना लाज वाटली. धावू शकणारा पडदा साठच्या गेमबरोबर रमतगमत रेघा ओढत होता. खालची रेघ दिसेपर्यंत गुद्दा बसून जायचा. सरांनी पडद्याच्या वेळा बदलायला सुरुवात केली. चित्र पडद्याच्या पूर्ण वेगाने काढून टाकायचं आणि उरलेला सगळा वेळ मागच्या पडवीत ढकलायचा. चित्रं तेवढीच, पण प्रत्येक चित्र लवकर पुरं व्हायचं. "लवकर पोच, मग बस पडवीत पाय पसरून," असं ते पडद्याला सांगायचे. डोळ्याला यातलं काही दिसायचं नाही. हाताला कळायचं.

त्यांची तपासायची पद्धत माझ्या कायमची लक्षात राहिली. मुलगा खेळायला बसला की सर पडद्याकडे बघायचेच नाहीत. त्याच्या मागे उभे राहून मान बघायचे. पडदा मागे पडत असेल तर खेळणारा नकळत पुढे झुकतो, जणू जवळ गेलं की लवकर दिसेल. "मान पुढे गेली, म्हणजे पडदा मागे आहे." मग ते फोनच्या कॅमेऱ्यावर संथ चित्रण करून बटण आणि पडदा यांच्यातलं अंतर सिद्ध करून दाखवायचे, पण ते आमच्यासारख्या अविश्वासू लोकांसाठी. त्यांना स्वतःला मान पुरायची.

दाराजवळच्या जुन्या रांगेने मात्र त्यांना दाद दिली नाही. वेळा थोड्या जरी ताणल्या तरी ते पडदे काळे व्हायचे. सर चिडायचे, घरची भाषा तोंडात यायची. "आरं, जरा सरक ना बाबा. नाय तर नाय." शेवटी त्यांनी नवी रांग घट्ट बसवली आणि जुनी होती तशी सोडली. त्याबरोबर प्रशांतला एक नियम घालून दिला. रोजच्या खेळाला काही का असेना, पण सामना असेल त्या दिवशी नवी रांगही मूळ वेळांवर आणायची. सगळ्यात मागचा पडदा जिथे असेल, तिथे सगळे.

मला तो नियम फार आवडला. आमच्या मोर्चातही बाबा सगळ्यात म्हातारी बाई सगळ्यात पुढे ठेवायचे आणि सगळ्यांना तिच्या चालीने चालायला लावायचे. मी सरांना ते सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, "म्हणजे तुझ्या बापाला पण पडदा कळतो."

त्याच सुमारास प्रशांतने स्पर्धा ठरवली. अंतिम सामना तळघरात. आमच्या कामोठ्याची पाच मुलं विरुद्ध उरणकडच्या खाडीकाठच्या एका गावाचा संघ. जिंकणारा संघ पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला जाणार. प्रशांतने मला पत्रक लिहायला सांगितलं. मी एका बैठकीत लिहिलं. वरच्या बाजूला जाड अक्षरांत एकच ओळ होती: 'दहाही पडदे सारखे. फरक फक्त हातांचा.' मला वाटलं, मी जन्मात याहून चांगलं वाक्य लिहिलेलं नाही. ते पत्रक उरणपर्यंत गेलं.

आता प्राचार्यांबद्दल सांगायला हवं. सरांच्या संस्थेचे निवृत्त प्राचार्य सबनीस. त्यांच्याच काळात टीव्ही दुरुस्तीचा वर्ग बंद झाला. नळीचे टीव्ही भंगारात निघाले तेव्हा सर वर्गात फळ्यावर रेघांची आणि पडव्यांची आकृती काढत उभे होते आणि प्राचार्य दारातून म्हणाले होते, "म्हात्रे, आता कसल्या रेघा? आता सगळं एकदम दिसतं." मुलं हसली होती. सर हे वाक्य कधी विसरले नाहीत. मी त्यांच्याकडून ते इतक्या वेळा ऐकलं की सबनीसांचा आवाज मी न भेटता ओळखला असता. पडदा अजून रेघांनीच चित्र काढतो, हे त्या माणसाला दाखवायचं राहून गेलं होतं.

प्रशांतला हे ठाऊक होतं. त्याने प्रमुख पाहुणे म्हणून सबनीसांना बोलावलं, आणि त्यांच्या हस्ते सरांचा सत्कार ठेवला.

सामन्याच्या सकाळी नियमाप्रमाणे नवी रांग मूळ वेळांवर आणायची होती. सरांनी ती तशीच ठेवली. प्राचार्यांना प्रात्यक्षिक दाखवायचं तर घट्ट बसवलेला पडदा हवा. प्रात्यक्षिक झालं की लगेच बदलू, असा त्यांचा विचार होता.

प्रात्यक्षिक लांबलं. दोन टेबलं जोडून, वर चादर घालून व्यासपीठ केलेलं. दीपप्रज्वलन झालं, प्रशांतचं प्रास्ताविक झालं, मी सूत्रसंचालन करत होते. सरांनी प्राचार्यांना एसीखालच्या पडद्यापुढे बसवलं, बटण दाबायला लावलं, संथ चित्रणात रेघा वरून खाली उतरताना दाखवल्या. मग दाराजवळच्या पडद्यावर नेऊन तेच दाखवलं आणि फरक दाखवला. सबनीस म्हातारे झाले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हात्रे, मी तेव्हा चुकलो." सरांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर तसा पाहिला नाही. लगेच प्रशांत शाल घेऊन पुढे आला. सबनीसांनी ती सरांच्या खांद्यांवर घातली, हातात नारळ दिला, फोटो झाले. सर व्यासपीठावर बसले, मांडीवर नारळ.

आणि प्रशांतने सामना पुकारला.

आमची मुलं आपापल्या सवयीच्या खुर्च्यांवर, एसीखाली बसली. पाहुणी मुलं उरलेल्या रांगेत, दाराजवळ. यात कुणी काही ठरवलं नव्हतं. माईक माझ्या हातात होता. मी माझं वाक्य मोठ्याने वाचलं. दहाही पडदे सारखे, फरक फक्त हातांचा. तेव्हा सरांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, वाक्य आवडलं.

उरणच्या संघाची कर्णधार दर्शना नावाची मुलगी होती. कोळ्यांची. आई बाजारात मासळी विकते, ही बारावी करून घरी. सगळ्या लढती अगदी अटीतटीच्या झाल्या आणि शेवटी तिच्यावर आलं. मी आता डोळे मिटले की मला तिचा खेळ आठवत नाही, मान आठवते. ती पुढे झुकत गेली, झुकत गेली, नाक पडद्याला लागेल इतकी. मी त्या वेळी ते पाहिलं आणि मला काही कळलं नाही. सर व्यासपीठावरून तेच बघत होते आणि त्यांना सगळं कळत होतं. मध्ये एकदा त्यांनी नारळ टेबलावर ठेवला. मला वाटलं, उठतायत. सबनीस त्यांच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाले, बहुतेक कौतुकाचंच, आणि सरांनी नारळ परत मांडीवर घेतला.

दर्शना शेवटच्या गुद्द्याला हरली. तळघर दणाणलं.

गर्दी पांगल्यावर ती सरांपाशी आली. खाली वाकून नमस्कार केला. पडद्याचे सर म्हणून त्यांचं नाव तिने ऐकलं होतं. म्हणाली, "सर, मला समोरचं दिसत होतं, पन माजा हात पोचत नवता. हात फास्ट कराला काय करू?"

सरांनी शालीचं टोक सावरलं. पडद्यावर बोलायची संधी त्यांनी सोडलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"पत्रकावर तुमी लिवलंच हाय," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "फरक हातांचा."

ती गेली. मी तेव्हा तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करत घरी आले.

त्यानंतर सरांचं 'लाज वाटते' बंद झालं. आम्हाला ते हळूहळू जाणवलं. मेडिकलच्या दारातली लाल अक्षरांची पट्टी दिवसभर फडफडायची, सर तिच्याखालून मान खाली घालून जायचे. आमच्या टीव्हीचा रिमोट माझ्या भाचीने दाबून दाबून डोकी पुन्हा कापली, सर समोर बसून चहा पिऊन गेले, बोलले नाहीत. आई म्हणाली, सरांचं वय झालं. बाबा म्हणाले, सत्काराने माणूस मऊ पडतो. आमची मुलं पुण्याला जाऊन पहिल्याच फेरीत हरून परत आली, आणि प्रशांतने तरीही तळघरात केक कापला. सर गेले नाहीत.

मग एका दुपारी ते आमच्याकडे आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "पत्रकवाली, एक पत्रक काढायचंय. जाहीर कबुली."

आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. नवी रांग का बदलली नाही, कधी बदलणार होते, कधी लक्षात आलं, कधी उठता आलं असतं. थांबत थांबत, पण काही न गाळता. मी ऐकत होते आणि माझी जाड अक्षरांतली ओळ माझ्या डोळ्यांपुढे उभी होती. आमच्या घरात खोटं पत्रक कधी निघालं नव्हतं. मालकांची निघायची, सरकारची निघायची. ते एक पत्रक माझ्या हातचं होतं आणि ते वाचून एका मुलीने आपल्या हाताला दोष दिला होता.

मला राग आला आणि राग आला की मला लिहिता येतं. मी तिथेच बसून लिहून काढलं. नफेखोर क्रीडाव्यवस्था, श्रमिकांच्या मुलांच्या वाट्याला येणारे टाकाऊ पडदे, शहराने खाडीकाठाच्या गावांवर पिढ्यान्‌पिढ्या केलेला अन्याय, सगळं आलं त्यात. आजही त्यातलं एक वाक्यही मला खोटं वाटत नाही. सरांनी शांतपणे वाचलं.

"यात मी कुठे आहे?"

मी म्हटलं, सर, तुम्हीसुद्धा या व्यवस्थेचे बळी आहात.

"नाही गं," ते म्हणाले. "मी खुर्चीवर होतो."

त्यांनी माझं पेन घेतलं आणि एकेक ओळ खोडत गेले. व्यवस्था खोडली, नफेखोरी खोडली, पिढ्या खोडल्या. प्रशांतचं नावही खोडलं. शेवटी जे उरलं ते एवढंच: 'कामोठे येथील अंतिम सामन्यात दहा पडदे सारखे नव्हते. कामोठ्याच्या बाजूचे मी वेगवान केले होते आणि सामन्याआधी पूर्ववत केले नाहीत. सामना चालू असताना मला हे माहीत होतं. मी गप्प बसलो. उरणच्या मुलांचे हात मागे नव्हते. हरिश्चंद्र म्हात्रे.'

बाबा कामावरून आले तेव्हा त्यांनी ते वाचलं. पत्रकातल्या चुका काढणं हा त्यांचा हक्क होता. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं. मग म्हणाले, "एवढी वर्षं आम्ही पत्रकं दुसऱ्यांवर काढली." आणि आत जाऊन हातपाय धुवायला लागले.

पत्रकं सरांनी स्वतः वाटली. रिक्षा स्टँडवर, क्लास सुटायच्या वेळी, भाजीबाजारात. मी सोबत होते. लोक हातात घ्यायचे, बघायचे नाहीत. एक आई थांबून म्हणाली, "सर, दहावीचे घेता की फक्त बारावीचे?" सरांनी तिला सांगितलं की हा क्लास नाही. ती म्हणाली, बरं, आणि तरी फोन नंबर मागितला. एका रिक्षावाल्याने कागदाने आरसा पुसला. सर ते बघत उभे राहिले. मी त्याच्याशी भांडायला पुढे झाले तर त्यांनी माझी बाही धरली. "त्याला आरसा साफ दिसला पाहिजे," म्हणाले. मला कळेना की हा माणूस थट्टा करतोय की स्वतःला आणखी शिक्षा करतोय.

तळघरात मात्र पत्रक नीट वाचलं गेलं. मुलं बिथरली. त्यातला एक म्हणाला, "सर, आम्ही जिंकलो होतो. तुम्ही आम्हाला घरी बसून हरवलं." ते खोटं नव्हतं. त्या मुलांनाही कुणी विचारलं नव्हतं की तुम्हाला वेगवान पडदा हवा का. सरांनी त्याची माफी मागितली. प्रशांत आधी हसण्यावारी नेत होता, मग त्याचा आवाज चढला. सत्कार आपण केला, पाहुणे आपण आणले, आणि सर आपल्यालाच बदनाम करतायत. शेवटी तो शांतपणे म्हणाला, सर, काही दिवस इकडे नका येऊ. सरांनी खिशातला छोटा ब्रश, ज्याने ते पडद्यांच्या कडा साफ करायचे, तो टेबलावर ठेवला आणि पायऱ्या चढून वर आले. ज्या एका जागी त्यांना कुणी पडवीबद्दल विचारायचं, ती जागा गेली.

राहिलं होतं उरण. आम्ही त्यांच्या स्कूटरवर गेलो. गावात शिरताच सुकटीचा वास, जाळ्यांचे ढीग, आणि देवळाशेजारी समाजाचं सभागृह. मुलं तिथेच सराव करायची, असं कळलं होतं. पण दर्शना तिथे नव्हती. ती धक्क्याजवळ आईबरोबर कोळंबी निवडत बसली होती. सामन्यानंतर तिने खेळणं सोडलं होतं.

सरांनी पत्रक पुढे केलं. तिने हात पदराला पुसले, आईच्या पदराला, आणि वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"मंजे माजा हात स्लो नवता?"

"नव्हता."

"मी रोज बोटांना तेल लावून बसतंय," ती म्हणाली. "आईला सांगतंय, माज्यात दम नाय. आनि तुमी तितं बसला होता."

तिने कागद सरांपुढे धरला.

"मंग तवाच का नाय बोललात?"

मला वाटलं, ते पुन्हा गप्प बसतील. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अंगावर शाल होती."

इतकं लहान आणि इतकं खरं कारण मी कुठल्याच पत्रकात वाचलं नव्हतं. तिची आई इतका वेळ मान वर न करता कोळंबी सोलत होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "जाऊ दे पोरी, मानूस मोठा हाय, आलाय ना सांगाला."

"मोठा हाय म्हनूनच," दर्शना म्हणाली.

तिने माफ केलं नाही. मी मुद्दाम लिहिते, कारण ऐकणाऱ्यांना हा प्रसंग सांगितला की ते विचारतात, मग केलं ना माफ? नाही. सरांनी पुन्हा सामना घेऊ, सगळे पडदे मूळ वेळांवर ठेवून घेऊ, मी प्रशांतच्या पाया पडतो, असं सुचवलं. ती म्हणाली, सामना नको. तिने कोळंबीची टोपली बाजूला सारली, उठली, आणि सभागृहाकडे चालायला लागली. थोडं पुढे जाऊन मागे वळून म्हणाली, "आमचे पडदे बगा आता."

त्यांचे पडदे जुने, कुठून कुठून घेतलेले, एकाचं एकाशी न जुळणारे. वेळा ताणल्या की काळे पडणारेच. पण सर दर रविवारी जायला लागले. एकेका पडद्याची मर्यादा शोधायची, जिथे काळा पडतो त्याच्या एक पाऊल अलीकडे थांबायचं, आणि सगळ्यात अशक्त पडदा जिथे टिकेल तिथे सगळे आणून ठेवायचे. फायदा इतका थोडा की त्यांच्या फोनलाही तो नीट दिसायचा नाही. फुशारक्या संपल्या होत्या. गावातल्या मुलांना तर वाटायचं की हे मुळातच कमी बोलणारे गृहस्थ आहेत. मी एकदा त्यांना सांगितलं की सर आमच्याकडे लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला पकडून भाषण द्यायचे. त्यांचा विश्वास बसला नाही.

माझी आणि त्यांची शेवटची भेट त्याच सभागृहातली. त्यांची औषधं घरी विसरली होती, ती द्यायला मी गेले होते. दुपारची वेळ. सभागृहाच्या खिडक्या खाडीकडे उघडतात आणि पाण्यावरचं ऊन सरळ पडद्यांवर येतं. मी दारात थांबले. मोठी खिडकी झाकलेली होती. दोन खिळे ठोकून त्यावर सत्काराची शाल लावली होती, जरीचा काठ बाहेर, खाडीकडे. आत मस्त सावली झाली होती.

दर्शना खेळत होती. दुसऱ्या बाजूला तिच्याच गावातला एक मुलगा. सर त्यांच्या मागे, साध्या शर्टात, पडद्याकडे न बघता उभे. मी त्यांची नजर जिथे होती तिथे बघितलं. तिची मान सरळ होती. मुलाचीही सरळ होती.

लढत रंगली आणि दर्शना हरली. क्षणभर ती पडद्याकडे बघत राहिली. मग तिने उजवा हात वर करून त्याच्याकडे रागाने बघितलं आणि मोठ्याने हसली. "आता मातर माजाच हात स्लो," ती म्हणाली.

सर हसले नाहीत. त्यांनी नुसता श्वास सोडला, पार आतून, ओझं खाली ठेवल्यावर माणूस सोडतो तसा. शालीचं एक टोक वाऱ्याने सुटून फडफडत होतं आणि उन्हाची पट्टी दर्शनाच्या पडद्यावर आली होती. ते चपला न घालताच खिडकीपाशी गेले, टोक ओढून पुन्हा खिळ्यात अडकवलं, आणि ते सुटू नये म्हणून हाताने दाबून धरून उभे राहिले. मी हाक मारली नाही. औषधं दारातल्या खुर्चीवर ठेवली आणि निघाले.